बीपचा ठेका

ऐकू कमी येतंय हे लक्षात आल्यापासून शिवणकाम करणाऱ्या मावशींचा जीव थाऱ्यावर नव्हता. कानाच्या दवाखान्यात त्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारी नुकतेच तपासणीतून बाहेर आलेले आजोबा आणि त्यांची नात.

“आजोबा, बीप ऐकू आली की बटण दाबायचं होतं. तुम्ही बीप आली नाही तरी दाबलंत. आता पुन्हा तपासणी.”

“तिथे यायला हवी होती. ठेका तसाच पडत होता.”

“अहो, ते गाणं नव्हतं.”

“ऐंशीच्या दशकात आमच्या सिंथेसायझरलाही लोक हेच म्हणायचे. गाणं कसलं, म्हणे, यंत्र बोंबलतंय.”

“आज आमच्या बँडमधली पोरं तोच आवाज शोधत फिरतात. नव्या गाण्यात तुमचाच सिंथ घेतलाय.”

“माळ्यावरचा? चालतो तो?”

“झकास चालतो. पण वाजवायला तुम्हीच हवेत. म्हणून म्हणते, कान नीट तपासून घ्या.”

“बरं. या खेपेला बोट आवरतो.”

तेवढ्यात मावशींना आत बोलावलं. हेडफोन चढला. पहिली बीप आली, दुसरी आली, आणि मशीनवर चालावा तसा मावशींचा पाय खुर्चीखाली चालू लागला.