उमरग्याला गेलेली अंगठी

जादूला हात चलाख लागतो म्हणता ना? माझा तर जडच होता. मी सगळं तोंडावर निभावायचो, आणि त्यातच एकदा फसलो.

नळदुर्गला मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या गॅदरिंगला मी अंगठी गायब करून लिंबातून काढायचो, आणि तेवढा वेळ लोकांना गोष्टीत गुंगवायचो. त्या वर्षी पुढं बसलेल्या सरूबाईंची चांदीची अंगठी घेतली, फुंकर मारली आणि सुरू झालो. "अंगठी निघाली बघा. रस्त्यावर ट्रकला हात केला, ड्रायव्हरशेजारी बसली, आता उमरग्यात उतरून चहा पितेय."

सरूबाई उठून उभ्या राहिल्या. "उमरग्यात? गुरुजी, माझी लेक हाय तिथं दवाखान्यात. दिस भरल्यात तिचे. तेवढं बघून यायला सांगा की."

मी घाबरून लिंबू कापलं, अंगठी काढून दाखवली. एक टाळी पडली नाही. सरूबाईंनी तर ती हातातच घेतली नाही.

"इतक्यात कशाला बोलावली? परत धाडा तिला. पोरगं झालं का पोरगी, इचारून येऊ द्या."

मागून हेडमास्तर म्हणाले, "धाडा हो गुरुजी. आम्ही थांबतो."

काय करता? पुन्हा फुंकर मारली आणि ठोकून दिलं, "पोरगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप."

दुसऱ्या दिवशी उमरग्याहून निरोप आला, तो अगदी तसाच. सरूबाईंनी गावभर जिलबी वाटली आणि ज्याला त्याला सांगितलं, "गुरुजींचं काय न्हाय त्यात. अंगठीच लई गुणाची."