बिनमिठाचं पान

मी: बाबा, तिथीला गॅलरीतल्या पानावर आपण मीठ का वाढत नाही?

बाबा: हे आत्ताच विचारायचं होतं? सुभेदारांना नैवेद्य दाखवायचा राहिलाय अजून.

मी: आत्ताच. सकाळी दोन्ही पानांचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, तर समीना आणि नुपूरनं पैज लावली की ईरा घरी हे विचारूच शकत नाही. आतलं पान तुमच्या खापरपणजोबांचं, सुभेदारांचं. बाहेरचं कोणाचं?

बाबा: पद्धत आहे. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी होती, इथे आखातात, अल मुंतझातही आहे. त्यापेक्षा सुभेदारांवरचं भाषण म्हणून दाखव. उद्या मंडळात माझं निम्मं ऑफिस येणार आहे.

मी: ‘१८८० च्या अफगाण लढाईत पायात गोळी लागलेले सुभेदार रायाजी ओसाड माळावर आले आणि त्यांनी गाव वसवलं.’ पाठ आहे. फक्त ते ‘ओसाड’ पटत नाही.

बाबा: का बरं?

मी: फाइलमध्ये जमिनीच्या सनदेची कॉपी आहे. विहीर एक, आंब्याची झाडं सात. ओसाड माळावर आंबे कोणी लावले?

बाबा: माझी फाइल कोणाला विचारून उघडलीस?

मी: भाषणासाठी तुम्हीच दिलीत. मी वाचेन असं वाटलं नव्हतं तुम्हाला.

आई: ईरा, नीट बोल.

बाबा: बोलू दे. लंगडत्या पायानं जमीन कसली त्या माणसानं. हिनं पंधरा वर्षांत काय केलं? फोटो टाकले.

मी: हे उत्तर नाही झालं.

आई: अहो, सांगून टाका ना एकदाचं.

बाबा: आसावरी, तू मध्ये पडू नकोस.

आई: मी कधीच पडलेय. लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला मी त्या पानावर चुकून मीठ वाढलं, आठवतंय? सासूबाईंनी ते पान उचलून गुरांना घातलं आणि मला पुन्हा सगळा स्वयंपाक करायला लावला. म्हणाल्या, मीठ वाढलं की ते घरचे होतात. घरचे झाले की वाटा मागतात.

मी: ते म्हणजे कोण?

आई: तिथले भिल्ल. अकरा घरं होती त्यांची. सुभेदार सनद घेऊन आले आणि घरं पेटवून दिली. पुढे सुभेदारांची दोन मुलं पाठोपाठ गेली, तेव्हापासून त्या भिल्लांच्या नावानं हे पान.

बाबा: झालं समाधान? सरकारनं दिलेली जमीन होती ती. कागद होता त्यांच्याकडे.

मी: कागद आपल्याकडेही आहे, व्हिसाचा. उद्या कंपनी म्हणाली खलास, तर आपण इथले कोण?

बाबा: इथे मी कोणाचं घर जाळून आलेलो नाही. उद्या निघायची वेळ आली तरी ताठ मानेनं निघेन. ती मान चारचौघांत खाली घालायला तू निघालीयस.

मी: अकरा घरं होती, एवढंच सांगणार आहे मी.

बाबा: भाषणातला एक शब्द बदललास तर मंडळात यायचं नाही.

मी: बरं. नाही येत.

बाबा: छान. मुलगी ऐन वेळी घाबरली, असं सांगतो सगळ्यांना.

मी: सांगा. त्यांनाही ओसाडच सांगा.

आई: पुरे झालं आता दोघांचं. अन्न गार होतंय.

(आईनं मिठाची बरणी ओट्यावरून उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.)

बाबा: आसावरी, हे काय चाललंय? ईरा, हात लावू नकोस त्या पानाला. आणि उद्या त्यांनी खरंच वाटा मागितला तर?

मी: मागू देत. आई, बाबा, माझं ठरलंय. इथून पुढे ते पान मी वाढणार. मीठ घालून, आत, सुभेदारांच्या शेजारी.