कच्च्या टाक्यांचा कोट

नाही नाही, हात खाली नका घेऊ साहेब, काखेत सहा टाचण्या आहेत, टोचल्या तर मला बोल लावू नका. असेच उभे राहा, आरशाकडे तोंड करून. घाई आहे? असणारच. उद्या संध्याकाळी सत्कार, स्टेज, टाळ्या — वर्षभरात सगळ्यात जास्त माणसं गळाला लावली म्हणून — माफ करा, तुमच्या हॉलिडे क्लबात सभासद केली म्हणून! कोट झकास बसलाय हो, खांद्यात तर सुरकुती नाही. फक्त एक आहे, बाह्या अजून कच्च्या टाक्यांवर आहेत. हा पांढरा दोरा दिसतोय ना? एका टोकाला धरून ओढला की संपलं, बाही माझ्या हातात आणि तुम्ही बनियनवर. पक्की शिलाई मारायला मला एक तास लागतो. आणि मला हवी आहे ती ओळ लिहायला तुम्हाला एक मिनिट. दुकानाची पाटी उलटी का केली, ते कळलं आता? — हळू कशाला बोलू? माझं दुकान आहे. पडद्यामागे आमची ही तुमचीच पँट शिवतेय, आणि ते मशीन इतकं जुनं आहे की चालू असलं की कानाशी ढोल बडवला तरी तिला ऐकू जात नाही. ते चालू आहे तोवर मी बोलून घेणार आणि तुम्ही ऐकून घेणार.

ओळ काय लिहायची ते सांगतो, साधी आहे. 'या गृहस्थांना कराराचे कागद मी सहीनंतर तीन दिवसांनी दिले.' खाली सही. एवढंच. खोटं आहे का यात काही? सही घेतलीत रविवारी, त्या हॉटेलच्या हॉलमध्ये, आणि लिफाफा आणून दिलात बुधवारी, इथे, या टेबलावर. तुमचा तो मॅनेजर म्हणाला — अकरा दिवसांमागे, शुक्रवारी, रद्द करायचा अर्ज घेऊन गेलो होतो मी, दोन तास बसवून ठेवलं — म्हणाला, रद्द करायची मुदत सहीपासून दहा दिवस, ती परवाच संपली, आता काही होत नाही. फार गयावया केली तेव्हा म्हणाला, तुमच्या सल्लागारानं लिहून दिलं की कागद उशिरा मिळाले, तर बघू. सल्लागार! म्हणजे तुम्ही. तुम्हाला सात फोन केले मी. एक उचललात? पण कोटाच्या ट्रायलला बरोबर आलात, दिलेल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं.

आणि मी तरी किती शहाणा! फोन आला, तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीनं या आणि घेऊन जा. बक्षीस काय, तर इस्त्री. शिंप्याला इस्त्री! घरात तीन इस्त्र्या आहेत, त्यातली एक तर नुसती दार अडवायला ठेवतो, आणि मी चौथीसाठी नवा शर्ट घालून निघालो. ही म्हणाली, फुकट कोण कुणाला देतं हो? मी म्हटलं, तुला सगळ्यातच खोट दिसते. मग तो हॉल, ते गाणं, कुणी सही केली की घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. एकदाच पैसे भरा आणि दरवर्षी एक आठवडा तळ्याकाठी जोडीनं राहा, म्हणत तुम्ही तिथला फोटो पुढे केलात — गॅलरी, दोन खुर्च्या, पांढरा पडदा वाऱ्यावर. हिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, मला वाटलं हरखली. तर म्हणते कशी, पडद्याची दुमड उलटी मारलीय. हसू नका! तुम्ही तेव्हाही हसलात. तिला ते घ्यायचं नव्हतं. तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, दोनदा दिला, आणि मी पाय मागे घेतला.

का घेतला? विचारा ना. तुम्हीच विचारलंत मला — काका, काकूंना शेवटचं बाहेर कधी नेलंत? असं हसत हसत विचारलंत, पेन फिरवत. ही शेजारी बसलेली. आणि मला आठवेना. चार माणसांच्या शर्टांची मापं मी वही न बघता सांगतो, आणि हे आठवेना — कारण नेलंच नव्हतं. तेहेतीस वर्षं. एकदा मुलीच्या बाळंतपणाला गेलो तर तिथेही हिनं मशीन मागून घेतलं आणि दुपटी शिवत बसली. ते सगळं एका क्षणात माझ्या तोंडावर आलं आणि तुम्हाला ते दिसलं. बरोबर दिसलं. पेन माझ्या हातात कधी दिलंत कळलंही नाही. घंटा वाजली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही मांडीवर हात ठेवून बसली होती.

घरी येऊन तिनं चष्मा लावला — नाही, कागद नव्हतेच तेव्हा, कागद बुधवारी आले — बुधवारी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून तिनं सगळं वाचलं, बारीक अक्षरसुद्धा. दरवर्षीचा आठवडा कुठला, तर शाळा सुरू व्हायच्या आधीचा! गणवेशांचा हंगाम, साहेब. त्या आठवड्यात आम्ही पाणी प्यायला उठत नाही. आणि गेलो नाही तरी देखभालीचे पैसे द्यायचेच, दरवर्षी, आम्ही मेल्यावर मुलीनं द्यायचे. तेव्हा कुठे ती बोलली. म्हणाली, आपण फसलो ते फसलो, पोरीच्या गळ्यात हे लोढणं कशाला? रद्द करून या. विकतचं दुखणं घरात नको. मंगळवारी परत म्हणाली, उद्या तरी जा. मी काय सांगितलं? मी म्हटलं, घाई काय, शनिवारपर्यंत मुदत आहे. — कशावरून म्हणजे? अहो, आमच्या धंद्यात वायदा कापड दुकानात आल्या दिवसापासून धरतात! आज माप दिलंत, कापड चार दिवसांनी आणलंत, तर दिवस त्या चार दिवसांनंतर मोजायचे. माझ्या वडलांपासून असंच आहे. मी लिफाफ्यापासून मोजले. सही म्हणजे नुसतं माप, कापड म्हणजे तो लिफाफा. यात माझं काय चुकलं?

चुकलं. ठीक आहे, चुकलं! पण तुम्ही त्या बुधवारी लिफाफा टेबलावर ठेवलात आणि वर म्हणालात, काका, तुमच्यासारखा कोट शहरात कुणी शिवत नाही, माझं माप घ्या. आणि मी हुरळलो. मूर्ख माणूस! मी मापं सांगत गेलो आणि ही वहीत लिहीत गेली. मागे एका वकिलानं बटणांवरून भांडण केलं तेव्हापासून ती गिऱ्हाइकाची सहीसुद्धा घेते, तारखेसकट. तुमचीही आहे, लिफाफा दिलात त्याच दिवसाची. त्या वहीचं पान मॅनेजरच्या तोंडावर मारलं असतं तर तुझ्या पाया पडायची वेळ आली नसती माझ्यावर — हो, तूच म्हणणार आता, किती वेळ तुम्ही तुम्ही करू? पण वही तिच्या कुलपात असते. मागितली तर विचारेल, कशाला? मग काय सांगू? मी तिला सांगून बसलोय की रद्द झालं. त्या शुक्रवारी तुझ्या ऑफिसातून आलो, चप्पल काढली, तिनं पाणी दिलं आणि विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, झालं. तेहेतीस वर्षांत एकही वायदा चुकवला नाही म्हणून ती माझ्यावर विश्वास ठेवते, त्या जोरावर खोटं बोललो. ती म्हणाली, बरं झालं, आणि बटणांची काजं करायला बसली. तेव्हापासून तिच्यासमोर बसवत नाही रे. तुझं काय जातं एका ओळीनं? उद्याचा सत्कार जाईल? जाऊ दे गेला तर! माझ्या घरात —

थांब. मशीन कधी बंद झालं?

मघाशीच? आणि तू सांगितलं नाहीस? इतका वेळ आरशात पडदा दिसत होता तुला! — काय गं, दोरा संपला का? मी आपलं यांच्याशी — ट्रायल चाललीय — काय आणलंस ते? वही? आता कशाला, मापं बरोबर आहेत सगळी, बाही चोवीस, छाती — हो, वाचतो, ओरडू नकोस. ओरडत नाहीयेस, बरं. बुधवार. तारीख. छाती, कंबर, बाही. खाली यांची सही. आणि समासात हे काय लिहिलंयस? 'कंपनीचा लिफाफा याच वेळी दिला.' अगं, हे तू तेव्हाच लिहिलंस? आणि मला — म्हणजे तुला ठाऊक आहे? कधीपासून?

शुक्रवारीच? मी घरी पोहोचायच्या आधी? कंपनीनं घरी फोन केला होता, अर्ज नामंजूर म्हणून... आणि तरी तू पाणी आणून दिलंस. झालं का काम म्हणून विचारलंस. मग बोलली का नाहीस गं? — मी सांगायची वाट बघत होतीस. किती दिवस बघणार होतीस? — दहा. दहा दिवस दिलेस मला.

काल संपले.

ऐक ना, मी सांगणारच होतो, आज रात्री — बरं. नाही बोलत. — बघितलंत साहेब? मी तासभर घसा फोडला तर पेनाला हात लावला नाहीत, आणि ती वही पुढे करून नुसती उभी राहिली तर लिहायला लागलात. लिहा. तारीख घाला. अक्षर नीट काढा, नाहीतर मुलीच्या गळ्यात पडेल ते सगळं. द्या तिच्याकडे, माझ्याकडे नको. आता कोट उतरवा, हळू, टाचण्या सांभाळा. उद्या सकाळी या, तयार असेल. — नाही, मी नाही शिवणार. ती शिवेल. माझ्या हातातली सुई काढून घेतलीय तिनं, दिसत नाही का तुम्हाला? जा हो आता! उभे काय राहिलात? जाताना पाटी सरळ करा आणि दार ओढून घ्या.