बाबांच्या भरपाईचं विधेयक

शनिवारी लवॉनच्या हातची भेंडी खारट झाली म्हणून बाबा कुरकुरले. रविवारी काउंटीच्या सरकारी ट्रकनं त्यांना उडवलं, ते जागीच गेले. तिथं सरकारकडून मोठी भरपाई हवी, तर आमदारांना त्या एका माणसासाठी वेगळं विधेयक मंजूर करावं लागतं. चार वर्षांनी बाबांच्या भरपाईचं विधेयक निघालं आणि ती राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीच्या विधान भवनात साक्षीसाठी येऊन बसली. शेजारी तशाच कामासाठी आलेले दोघे म्हातारे बोलत होते.

"तुमचं विधेयक कितव्यांदा, टिस्डेल?"

"सहाव्यांदा. अधिवेशन संपलं की मरतं, दर साली नव्यानं मांडायचं. बायको मात्र एकदाच मेली."

"यंदा रडणार?"

"बेतानं. मागं रडलो, तर आमदारांनी जेवणाची सुट्टी घेतली. पोरी, तुझं कोण?"

"वडील."

"आत चूक कोणाची विचारतील. ट्रकवाल्याची म्हणायचं नि गप्प बसायचं."

"चार वर्षं कुणाला बोलले नाही," लवॉन म्हणाली, "पण मीच रस्त्याच्या पलीकडून हाक मारली, म्हणून बाबा न बघता धावले."