पंधरा नंबर

नाही गं, अमेरिकेतलं जॉर्जिया वेगळं — सगळे हेच विचारतात! हा देश आहे, अख्खा देश, रशियाच्या खाली. चहा घे ना हर्षाली, निवतोय. तुझ्या सासूबाईंना खुशाल पाठव — स्वयंपाकी आपला बरोबर असतो, पिठलं काय, थालीपीठ काय, परदेशात आलोय हे पोटाला कळतच नाही. आणि ते तिबिलिसी — माझी मेली जीभच वळत नाही — जुनं गाव तर असलं देखणं! कोरीव लाकडी सज्जे, खाली गंधकाची गरम कुंडं, एका उतारावर मशीद, चार पावलांवर ज्यूंचं प्रार्थनामंदिर, वर आर्मेनियन लोकांचं चर्च, पलीकडे तिथल्या लोकांचं स्वतःचं. मशिदीत शिया-सुन्नी एकत्र नमाज पढतात म्हणे. तर आमच्या मैनाताई काय म्हणाव्यात? ‘बघ उज्वला, एवढी माणसं एका गल्लीत नांदतात, आणि आपल्या दोघींना एक ओटा पुरेना.’ सगळ्या ग्रुपसमोर हं! थोरल्या जाऊबाई, बोलायचा हक्कच आहे. चौतीस वर्षं खाली त्या, वर आम्ही. लोक हसले. मीही हसले.

काय म्हणालीस? कोणी सांगितलं तुला, ताईंच्या रविराजने? — हो, राहिल्या होत्या मागे. डोंगरात. पण त्यात टूरवाल्यांची काही चूक नाही बाई, त्या लखनला उगाच बोल लावायला नको, तो बिचारा टूर मॅनेजर दर वेळी हजेरी घ्यायचा. म्हणजे कसं, बसमध्ये प्रत्येकाला नंबर — एक, दोन, तीन, ज्याने त्याने ओरडायचं, बत्तीस झाले की बस हलायची. मी चौदा, ताई पंधरा. ताईंचं लक्ष सदा खिडकीबाहेर, म्हणून पहिल्या दिवसापासून मीच एका दमात म्हणायचे — चौदा-पंधरा! मजा वाटायची लोकांना, जोडीच म्हणायचे आम्हाला.

तर त्या दिवशी घाटात थांबलो. तो देखावा मी नाही सांगू शकत तुला — समोर नुसता बर्फच बर्फ, खाली दरी, आणि वारा असा की पदर हातात राहीना. वीस मिनिटं दिली होती. ताईंना तिथे एक मध विकणारी बाई भेटली, ती तिच्या भाषेत, ह्या मराठीत, आणि दोघींचं चाललंय! मी थंडीने कुडकुडत बसमध्ये येऊन बसले. हजेरी झाली. मी म्हटलं, चौदा-पंधरा. सवयीने गं. तोंडातून निघून गेलं.

अशी काय बघतेस? शेजारची सीट रिकामी दिसली नाही का, असंच ना? — दिसली. सीटवर त्यांची पर्स होती, पर्समध्ये फोन. दिसणार नाही कशी? पण ऐक तरी आधी. सकाळीच त्यांनी नाश्त्याला पुन्हा ती माझ्या पुरणपोळ्यांची गोष्ट सांगितली होती — लग्नानंतरच्या पहिल्या होळीला माझ्या पोळ्या जळल्या, सासरे उपाशी उठले — चौतीस वर्षं सांगतायत! तिथे, परक्या देशात, परक्या माणसांना. माझ्या मनात आलं, घाबरू दे जरा, पाच मिनिटं. पुढच्या वळणावर सांगू, थांबवा म्हणून. एवढंच. देवाशप्पथ एवढंच. पण वळण आलं आणि लखनने अंताक्षरी काढली, आणि मग वाटलं आता सांगितलं तर विचारतील, मघाशी पंधरा कोण म्हणालं? मग बोगदे लागले. मग जेवायचं ठिकाणच आलं. पाऊण तास, हर्षाली, त्यांची पर्स मांडीवर घेऊन मी गप्प बसले होते. गाणीसुद्धा म्हटली.

नाही, झालं काही नाही त्यांना. परत गेलो तर त्या मधवालीचा कोट अंगात घालून तिच्या टपरीत बसलेल्या. लखन रडकुंडीला आला होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, ‘मीच उज्वलाला सांगितलं होतं माझा नंबर दे म्हणून. आले मागून म्हटलं आणि विसरले.’ असं काही म्हणाल्याच नव्हत्या गं त्या मला. एक अक्षर नाही. माझी लाज राखली त्यांनी. मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? मान हलवली.

आणि आता हे असं झालंय. रविराजने ते ऐकलं, एकुलता एक मुलगा, घाबरला — आई विसरायला लागली! गॅसला हात लावू देत नाही, एकटीला भाजीला जाऊ देत नाही, आज डॉक्टरची वेळ घेतलीय, मेंदूच्या. मला म्हणाला, काकू तुम्ही होतात तिथे, तुम्हीच नीट सांगा डॉक्टरांना. म्हणून ही साडी नेसून बसलेय. सांगेन ना, आज सांगणारच आहे. कालही सांगणार होते. पण परवा ताई वर आल्या, इथेच बसल्या, तू बसलीयस तिथे. म्हणाल्या, ‘उज्वला, खरं सांग. मी तुला तसं म्हटलं होतं का गं? मला आठवतच नाही.’

मी हो म्हटलं.

हो म्हटलं मी! काय करू, निघून गेलं तोंडातून — थांब, गाडीचा हॉर्न ना तो? रविराजच. आले रे! आले हो ताई — नको, नको, तुम्ही जिना चढू नका — फाईल राहू द्या, मी घेते, तुम्ही विसराल —

ऊठ ना गं आता, बसलीस काय अशी? टूरचं विचारायला आली होतीस, टूरचं सांगितलं. जा. दार ओढून घे.