सीताफळाखालची माती

—नाय, तिथं नको घालू ती माती काढायची नळी, तिथं खाली मुरूम हाय, उगाच वाकायची. अलीकडं ये. हां, त्या पडक्या भिंतीला धरून. निघाली ना हिरवट? मला माहीत असणारच, ताई — एकवीस वर्षं याच कारखान्यात काढली मी. नटबोल्टांवर चकाकी चढवायचो. हौदात बुडवायचं, काढायचं, धुवायचं — धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात. बंद पडून नऊ वर्षं झाली. मालक गेला, पत्रे गेले, माती तेवढी राहिली. बस ना घडीभर. या ओट्यावर कोणी बसत नाय फारसं. पाणी मात्र तुझ्याच बाटलीतलं पी — आमच्या बोअरचं नको. आम्ही टँकरचं पितो, बोअरचं पिऊ नका अशी नोटीस लागल्यापासून. तेजस्विनी? छान नाव. ओझरची? मग वडील विमानाच्या कारखान्यात असतील. बघ, बरोबर ओळखलं. त्यांना सांग, आमचे स्क्रू नव्हते विमानात, घाबरू नका म्हणावं.

बघू तुझा कागद. हा कारखाना, हा खड्डा, ही भिंत — आणि भिंतीच्या अलीकडं कोरं. म्हणजे इकडं काही नाय, असंच ना? असू दे. आणि जिथं माती खराब म्हणून तुझी झेंडी लागेल तिथलं किती खणणार? तीन फूट? सगळी माती ट्रकमध्ये? झाडं पण? बरं. नाय, सहज विचारलं.

ते सीताफळ माझं नाय, नवसाबाईचं हाय. माझी मंडळी. चार वर्षं झाली तिला जाऊन. मी म्हणायचो, तुझी रक्षा गोदेवर नेईन, रामकुंड काय लांब हाय? तर म्हणाली — तिथं सगळी दुनिया येते, त्या गर्दीत मला कुठं शोधाल? माझ्या वाफ्यातच टाका. नाय म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. टाकली. वर हे रोप लावलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो, चार शब्द बोलतो — उत्तर देत नाय, पण हातात खुरपं असलं की जिवंतपणी तरी कुठं द्यायची? औंदा पहिल्यांदा फळं धरलीत. शेजारची सायली रोज डोकावते — आजोबा, डोळे उघडले का सीताफळाचे? उघडायला लागलेत. अजून सांगितलं नाय तिला.

नाय म्हणायला कारण कसलं, विचारतेस? मेथीचा वाफा होता गं तिचा. पंचवटीत बसायची विकायला. जागा खोलगट, पाणी तुंबायचं. आम्ही मळ्यातली माणसं — धरणातला गाळ ट्रॉलीनं आणायचा, शेतात पसरायचा, की पीक कसं तरारून येतं, हे लहानपणापासून बघितलेलं. आणि इथला खड्डा उपसला तर आत गाळ — मऊ, लोण्यासारखा, अगदी तसाच. मालक म्हणाला, ने लहानू, पाहिजे तेवढा ने. आठ दिवस पाट्या वाहिल्या मी. वर काळी माती पसरली. काय खूश झाली ती! म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा न सांगता काही आणलंत. मेथी पिवळी पडली. पुन्हा पेरली, पुन्हा पिवळी. म्हणायची, माझ्या हाताला यश राहिलं नाय. मला कधी कळलं? पुढच्या वर्षी खड्डा उपसायला बाहेरची माणसं आली — कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला फडकं. मी म्हणालो, अरे, साधा गाळ हाय. ते हसायलाच लागले. सांगायचंच म्हणून घरी आलो, तर ही वाफ्यात अनवाणी बसलेली, हातानं शेणखत कालवत होती. कसं सांगू? उद्या सांगू म्हटलं. बारा वर्षं ती आपल्या हाताला बोल लावत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. पुढं तिची मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. मी मान हलवली.

लिहू नको हे. तुझ्या कागदावर कोरं हाय ना, तसंच राहू दे — कोणाला कळतंय?

नाय — थांब. किती वाजले? शाळा सुटली की येईल ती सायली. दे, ती झेंडी माझ्याकडं दे. मीच लावतो. बघ, कशी भुसभुशीत हाय, लगेच गेली आत. नवसाबाईच्या हातची हाय ना. काढ आता कागदावर. फळं उतरवून देतो, सगळी ने, कच्ची पण ने. एकच कर, ट्रक यायच्या आदल्या दिवशी निरोप दे. तीन फुटांत ती पण जाणार ना?

नको, बोलू नको काही. डबा खाऊन घे जा, सावली तिकडं हाय. जा, पोरी. मला तिला एक सांगायचंय.