यंत्र मिळून आले नाही

नाव: कुणाल गोविंदराव काळे. वय: ४६ वर्षे. धंदा: नोकरी, गॅस प्रकल्पावर सेफ्टी ऑफिसर. जात: फासेपारधी. राहणार: अल खोर, कतार. मूळ राहणार: तालुका कळंब, जिल्हा धाराशिव, महाराष्ट्र. दिनांक २६ डिसेंबर २०२५, वार शुक्रवार. जबाबास सुरुवात सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी मराठीत बोलत असून येथील पोलीस ठाण्याचे दुभाषी नसरुद्दीन, मूळ गाव श्रीवर्धन, हे माझे म्हणणे मराठीत लिहून घेत आहेत. नंतर ते त्याचे अरबी करणार आहेत. इथल्या फॉर्मवर जातीचा रकाना नाही. जात मी माझ्या आग्रहाने लिहवली आहे. नसरुद्दीन म्हणाले, "कुणालभाय, इथे कोण विचारतोय? कशाला घालताय?" मी सांगितले की, जिथे विचारत होते तिथे ती दुसऱ्यांनी लिहिली. इथे कोणी विचारत नाही म्हणून मी स्वतः लिहवतो.

माझे वडील गोविंदराव काळे, वय अंदाजे ७४, जन्माची नोंद नाही, हे १० डिसेंबर रोजी व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले. माझी मुलगी निशिगंधा, वय १२, इंग्रजी शाळेत सातवीत शिकते. तिला सध्या हिवाळ्याची सुट्टी आहे. तिला मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. वडिलांना इंग्रजी येत नाही.

आमच्यात पोरांना शिकार शिकवायला हिवाळा धरतात. गवत वाळलेले असते, वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो. पहिल्या हिवाळ्यात पोराच्या हाती पाखरू अडकवायचा फासा देत नाहीत. पहिला हिवाळा फक्त बोलावण्याचा. तितर स्वतःच्या पायांनी पंचवीस पावलांवर आला पाहिजे आणि तसाच परत गेला पाहिजे. फासा पुढच्या हिवाळ्यात. हा नियम माझ्या आजोबांच्या आजोबांपासूनचा आहे आणि तो कोणत्याही सरकारने आम्हाला शिकवलेला नाही.

आज पहाटे ५.३० वाजता आम्ही तिघे माझ्या गाडीने घरून निघालो. ६.०५ वाजता उम्म सलाल मोहम्मद या गावाच्या पुढे एका मजऱ्याच्या, म्हणजे शेताच्या, कुंपणाबाहेर कच्च्या रस्त्यावर थांबलो. सोबत चहाचा थर्मास, भाकरी, लसणाची चटणी आणि एक सतरंजी होती. जाळे, फासा, पिंजरा, बंदूक यांपैकी काहीही नव्हते. ६.१५ ते ६.५० या वेळात माझे वडील तोंडाने तितर बोलावत होते. चार तितर आले. एक गाडीच्या चाकापर्यंत आला. एकालाही हात लावलेला नाही.

६.५० वाजता मजऱ्याचे राखणदार दिलावर हे पिकअप घेऊन आले व ओरडले, "मशीन बंद करो! किधर रखा है?" मी सांगितले की मशीन नाही. ते म्हणाले, "मेरे को मत सिखाओ. बारह साल से इस मजरे पे हूँ. आदमी का गला ऐसा नहीं बोलता." त्यांनी फोन केला. ७.२५ वाजता गस्तीची गाडी आली. पाखरांना बोलावणारे इलेक्ट्रिक यंत्र वापरायला इथे बंदी आहे हे मला माहीत आहे. बंदी योग्यच आहे. असले यंत्र म्हणजे शिकार नव्हे, फसवणूक आहे. माझी गाडी, दोन फोन आणि मुलीचा टॅब तपासण्यात आला. काही मिळाले नाही. तेथून आम्हाला व दिलावर यांना या ठाण्यात आणले.

तक्रारीत दिलावर यांनी म्हटले आहे की आवाज इतका हुबेहूब होता की तो माणसाचा असूच शकत नाही. हे वाक्य माझ्या जबाबातही जसेच्या तसे लिहावे अशी माझी विनंती आहे. माझ्या घराण्याला आजपर्यंत पोलीस ठाण्यातून बरेच कागद मिळाले. प्रमाणपत्र हे पहिलेच.

अधिकारी साहेब सभ्य आहेत. त्यांनी आम्हाला चहा दिला, मुलीला बिस्किटे दिली. त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितले की यंत्र कुठेतरी टाकले असेल तर तसे कबूल करा, पहिलीच वेळ आहे, किरकोळ दंडावर मिटेल, जेवायला घरी जाल. कबूल नसेल तर प्रकरण वर जाईल आणि वडिलांचा व्हिसा व माझी नोकरी या दोन्हींची चौकशी होईल.

त्यावर वडील मला म्हणाले, "घे कबूल करून, बाळा. कर सही. पोरीला भूक लागली आसंल. घरी जाऊ."

मी नकार दिला. कारण पुढीलप्रमाणे. १९८६ साली, मी सात वर्षांचा असताना, एका पोलीस ठाण्यात माझ्या वडिलांनी न केलेली चोरी कबूल केली. त्या ठाण्याचे नाव मी येथे घेत नाही. घरी जायचा तेवढाच रस्ता आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. त्या रस्त्याने घरी यायला त्यांना सात महिने लागले. ठाण्याच्या कागदावर त्यांचे नाव 'गोंद्या' असे आहे. या कागदावर ते गोविंदराव असे लिहिले आहे की नाही, हे मी दोनदा तपासले. १८७१ साली कायदा करून आमच्या जमातीला आईच्या पोटातच गुन्हेगार ठरवण्यात आले. कायदा १९५२ साली गेला. तो कागदावरून गेला, ठाणेदाराच्या डोळ्यांतून गेला नाही. जो माणूस पाखराच्या भाषेत पाखराशी बोलतो त्याला चोर म्हणणारी व्यवस्था स्वतः...

येथे नसरुद्दीन म्हणाले, "साहेब बोलतायत, भाषण नको. घडलंय तेवढंच सांगा." मी सांगितले की हे घडलेलेच आहे. साहेबांनी ते राहू द्यायला सांगितले.

९.५५ वाजता नसरुद्दीन यांनी सुचवले, "आपण पिकनिक लिहू या का? पोरगी, आजोबा, चहा, भाकरी. खलास." मी म्हणालो, शिकार लिहा. शिकारीचा पहिला धडा. आमच्याकडे पिकनिकचा शब्द नाही.

साहेब म्हणाले, ठीक आहे, वडिलांनी इथेच आवाज काढून दाखवावा. वडील उठले. त्यांनी टोपी नीट केली, दोन्ही तळवे ओंजळीसारखे तोंडाशी धरले. आवाज आला नाही, फक्त हवा आली. त्यांनी आणखी एकदा करून पाहिले. मग खाली बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले.

तेव्हा निशिगंधा म्हणाली, "बाबा, टेल देम. इट वॉज मी."

मी तिला गप्प बसायला सांगितले. ती म्हणाली, "व्हाय? आय डिड इट करेक्टली!"

वर मी वडील तितर बोलावत होते असे सांगितले आहे. ते खरे नाही. मी खोटे बोललो. बोलावत होती ती माझी मुलगी. बारा वर्षांच्या मुलीचे नाव पोलिसांच्या कागदावर यावे असे मला वाटले नाही. आमच्या घरात ते कोणत्या वयात येते हे मला ठाऊक आहे. वडिलांचे पुढचे चार दात १९८६ पासून नाहीत. त्याचे कारण या प्रकरणाशी संबंधित नाही. दात नसले की जीभ टाळूला लागूनही तो आवाज फुटत नाही. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी तितर बोलावलेला नाही.

मग शिकवले कसे, असे साहेबांनी विचारले. सांगतो की, त्यांनी मुलीच्या हनुवटीखाली बोट ठेवून जीभ कुठे लावायची ते दाखवले. तिच्या पाठीवर बोटांनी ताल धरला. ती चुकली की डोके हलवायचे. आठ दिवस तिच्या तोंडून कोंबडीसारखा आवाज येत होता आणि दोघे हसत होते. १८ डिसेंबर रोजी दुपारी माझ्या हॉलमध्ये तो आवाज बरोबर आला. क-तीतर, क-तीतर. वडील उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत. मी सात वर्षांचा होईपर्यंत तो आवाज ऐकला होता. मला स्वतःला तो येत नाही. सुटून आल्यावर वडिलांनी मला आश्रमशाळेत घातले आणि रानात नेले नाही. प्रकल्पावर सुरक्षेचे धडे देताना मी हजार माणसांपुढे तास-दीड तास बोलतो. माझ्या आवाजावर आजवर एकही तितर आलेला नाही.

१०.३० वाजता जबाब थांबवून साहेब आम्हाला ठाण्याच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. दिलावर त्या वेळी पुढच्या खोलीत दार लावून आपल्या तक्रारीवर सही करत होते. अंगणातले त्यांना दिसत नव्हते. निशिगंधाने तळवे तोंडाशी धरले. वडील तिच्या मागे उभे राहिले व त्यांनी तिच्या पाठीवर दोन बोटे ठेवली. तिने तीन वेळा बोलावले.

पुढच्या खोलीचे दार धाडकन उघडले. दिलावर हातातले पेन तसेच घेऊन धावत आले व मोठ्याने म्हणाले, "मिल गया ना, साब? मैं बोला था, मशीन है!"

साहेबांनी विचारले, आवाज हाच का? दिलावर म्हणाले, "सौ टका यही. कहाँ छुपाया था?" साहेबांनी मुलीकडे बोट दाखवले. दिलावर यांनी तिचे हात पाहिले, मग स्वेटरचे खिसे, मग तोंड. नसरुद्दीन "माशाल्ला" म्हणाले. साहेब हसले आणि त्यांनी अरबीत काहीतरी म्हटले. नसरुद्दीन यांनी ते मला सांगितले: लिहा, यंत्र मिळून आले नाही.

दिलावर यांनी तक्रार मागे घेतली. त्यांच्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. ते आपले काम चोख करतात. जाताना ते वडिलांना म्हणाले, "चाचा, अगले साल भी आएगी क्या?" वडिलांनी हिंदीत उत्तर दिले, "आएगी. लेकिन कुंपण के बाहर."

साहेबांनी जायची परवानगी दिली. मी व मुलगी उठलो. वडील उठले नाहीत. नसरुद्दीन यांना म्हणाले, "समदं लिवलं, पर शिकवलं कुणी ते कुटं लिवलंय?" नसरुद्दीन म्हणाले की ते जबाबात आलेलेच आहे. वडील म्हणाले, "तसं नगं. येगळ्या ओळीत लिवा. म्या बसतो."

शिकवणार: गोविंदराव काळे, फासेपारधी.

ही ओळ घातल्यानंतर संपूर्ण जबाब नसरुद्दीन यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ वडिलांनी दोनदा वाचायला लावली. मजकूर माझ्या सांगण्यानुसार असून एका ठिकाणी मी खोटे बोललो ते दुरुस्तीसह खरे आहे. सकाळी ११ वाजून १५ मिनिटे.

(सही) कुणाल गोविंदराव काळे